दोरीला हात लावला त्याला वाटा

मे महिन्यात आमच्या वाडीच्या मंडळाची बैठक देवळाच्या सभामंडपात बसली होती. दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार दर वर्षी होतो, त्यावर वाद नव्हता. वाद होता तो आणखी अकरा मुलांवरून. गुप्तलिपी उकलत एकेक पायरी चढायची असा इंटरनेटवरचा एक खेळ या मुलांनी देशोदेशींच्या अनोळखी खेळाडूंच्या साथीनं शेवटपर्यंत नेला होता. त्यांचीही नावं यादीत घालावीत असं कुणीतरी सुचवलं आणि नाना उसळले, "दुसऱ्याच्या डोक्यान सोडवलला कोडा, तेचा सत्कार कित्याक?" त्यावर मुंबईहून आलेला एक चाकरमानी उठला. याच मुलांना उद्या सायबर सुरक्षेत गलेलठ्ठ पगाराच्या नोकऱ्या लागतील, तुम्ही कुठल्या जमान्यात आहात, असं म्हणाला. तासभर हेच चाललं. एक बाजू कॉपी म्हणत होती, दुसरी पगार सांगत होती, आणि मुलांनी कोडं नेमकं सोडवलं कसं, हे तासाभरात एकानंही विचारलं नाही.

या अकरांपैकी सात जणांना मी शाळेत गणित शिकवते. माझं मत आधीच सांगून टाकते. मिळून सोडवलेलं कोडं ही कॉपी नाही. गुप्तलिप्या उकलण्याचं मोठं काम इतिहासात बहुतेक वेळा मिळूनच झालं आहे, आणि असं काम चारचौघांत नीट कसं करायचं हे शिकणं मला पाढ्यांइतकंच मोलाचं वाटतं. पगाराचा मुद्दा मात्र मला पटत नाही. उद्या नोकरी लागली नाही तर मुलांनी केलं ते फुकट गेलं म्हणायचं का?

सड्यावर, म्हणजे वाडीच्या वरच्या कातळाच्या पठारावर, काय चालायचं ते मी पाहिलं आहे, म्हणून ते आधी सांगते. आमची वाडी खाली व्हाळाच्या काठाला, माडांत. तिथे मोबाइलला रेंज नाही. रेंज हवी तर सडा चढायचा. उन्हं कलली की ही मुलं वर कातळावर बसायची, मध्ये एक दोनशे पानी वही आणि वाऱ्यानं पानं उडू नयेत म्हणून तिच्यावर जांभ्याचा तुकडा. एका पायरीवर नुसत्या आकड्यांच्या जोड्या होत्या, सलग पानभर. दोन दिवस कुणाला काही सुचेना. सातवीतली एक मुलगी, जी इंग्रजी वाचताना अजून अडखळते, ती म्हणाली, "बाई, यात सहा कुठेच नाही. सात नाही, शून्य पण नाही. हे वर्ग असतील. क वर्ग, च वर्ग, ट वर्ग." पहिला आकडा ओळीचा, दुसरा त्या ओळीतल्या अक्षराचा, असं तिला म्हणायचं होतं. पॉलिबियस नावाच्या ग्रीक इतिहासकारानं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात मशालींनी निरोप धाडायची हीच युक्ती लिहून ठेवली आहे. आपल्याकडची करपल्लवीही याच जातीची: हाताच्या खुणेनं वर्ग दाखवायचा आणि बोटांनी वर्गातलं अक्षर. त्या मुलीनं यातलं काहीही ऐकलेलं नव्हतं. तिला फक्त आपली वर्णमाला पाठ होती.

मोठ्या मुलांनी लगेच रोमन अक्षरं पाच-पाचच्या ओळींत मांडली. अक्षरं २६, घरं २५. शेवटचं झेड त्यांनी बाहेर ठेवलं आणि वाचायला घेतलं. ४४, २३, १५ हे त्रिकूट पुन्हा पुन्हा येत होतं. त्यांच्या तक्त्यात ते ‘शी’ लागलं, म्हणजे ‘ती’. झालं, ही कुणा बाईची गोष्ट आहे असं धरून सगळे दिवसभर त्या बाईच्या मागावर. बाकीचे शब्द मात्र अर्धवट लागत होते. शेवटी त्यांनी आपला तक्ता चुकीसकट चिली देशातल्या एका खेळाडूला पाठवला. त्यानं सांगितलं की जुन्या रिवाजाप्रमाणे आय आणि जे ही दोन अक्षरं एकाच घरात बसवतात. तेवढ्यानं के-पासूनचं प्रत्येक अक्षर एकेक घर मागे सरकलं, टी हे ४४ च्या घरात आलं, ‘शी’चं ‘द’ झालं आणि सगळं पान वाचता आलं.

आता सांगा, हे कुणाच्या डोक्यानं सुटलं? चिलीच्या खेळाडूच्या म्हणावं, तर त्याला तक्ता आयता मिळाला. मोठ्या मुलांच्या म्हणावं, तर त्यांना तक्त्याची कल्पनाच नव्हती. सातवीतल्या मुलीच्या म्हणावं, तर तिला ते पान आजही वाचता येणार नाही. कॉपीत उत्तर एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जातं. ते आलं कसं हे देणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. सड्यावर सगळा वेळ ‘आलं कसं’ यातच जायचा. वहीत ‘शी’ची पानं अजून आहेत, फुली मारलेली, तारखेसकट. कॉपी करणारा आपल्या चुका असा जपून ठेवतो का?

नानांच्या बाजूनं बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते मी टाळणार नाही. परीक्षेत एकट्यानंच बसायला हवं, याबद्दल माझं दुमत नाही. परीक्षा त्या एका मुलाला काय येतं हे बघण्यासाठी असते. शेजाऱ्याचं बघून लिहिलं तर शिक्षकाला खोटी माहिती मिळते आणि पुढच्या वर्षी त्या मुलाचेच हाल होतात. पण परीक्षेतला हा नियम आपण आयुष्यभराच्या सगळ्या विचाराला लावला आहे. डोकं एकट्याचंच चालतं, दोघांचं मिळून चाललं की त्यातला एक चोर, असं आपण मुलांना बालवाडीपासून शिकवतो. घराची लादी घालताना, लग्नाचं जेवण रांधताना, वादळात सापडलेली होडी आणताना जे आपल्याला कधी सुचत नाही, ते कागद-पेन्सिल दिसली की का सुचतं?

एकट्या बुद्धिमंताच्या या कल्पनेचा सर्वांत ठळक नमुना म्हणजे ‘सिकाडा ३३०१’. जानेवारी २०१२ मध्ये इंटरनेटवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांतलं एक चित्र आलं. आम्ही अत्यंत बुद्धिमान व्यक्तींच्या शोधात आहोत आणि त्यासाठी ही परीक्षा आहे, असं त्यात म्हटलं होतं. चित्रात मजकूर दडवलेला, त्यातून पुस्तकावर आधारलेली लिपी, पुढे अवघड गणित. ते कुणी रचलं हे आजतागायत उघड झालेलं नाही. वाटेवर आलेल्या सगळ्यांना आत घेतलं गेलं नाही, आणि आम्हाला उत्तम लोक हवेत, मागून येणारे नकोत, अशा अर्थाचा मजकूर नंतर तिथे झळकला. नाना हेच म्हणतात. पण त्याच परीक्षेची एक पायरी बघा. वॉर्सा, पॅरिस, सेऊल, मायामी, सिएटल अशा शहरांतल्या खांबांवर कागद चिकटवलेले होते आणि त्यांच्यावरचे संकेत गोळा केल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. इतक्या ठिकाणी एकटा माणूस कसा पोचणार? कुणीतरी सेऊलमध्ये घराबाहेर पडला, कुणीतरी वॉर्सात, आणि त्यांनी खांबावरचं चित्र अनोळखी लोकांना दाखवलं. एकट्या बुद्धिमंताची परीक्षा घ्यायला निघालेल्यांनाही गर्दीच्या पायांशिवाय भागलं नाही. त्यांनीच २०१४ मध्ये रून या जुन्या युरोपीय अक्षरांतलं एक पुस्तक दिलं, त्याची बहुतेक पानं अजून कुणालाच लागलेली नाहीत.

खेळ सोडून इतिहासात या. अशोकाचे शिलालेख शेकडो वर्षं आपल्या डोळ्यांसमोर होते आणि एकाही विद्वानाला वाचता येत नव्हते. १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी लागली, तिचं श्रेय कलकत्त्याच्या टांकसाळीतल्या जेम्स प्रिन्सेपला जातं आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या टेबलावर काय होतं? देशभरातून लोकांनी उतरवून पाठवलेल्या नकला. सांचीच्या कठड्यांवरच्या छोट्या छोट्या लेखांचे ठसे एका लष्करी अधिकाऱ्यानं पाठवले होते. ते एकाखाली एक मांडल्यावर प्रिन्सेपच्या ध्यानात आलं की जवळजवळ प्रत्येक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतो. स्तूपाला लोक काय देणार? दान. ती दोन अक्षरं ‘दानं’ ठरली आणि द, न आणि अनुस्वार एका झटक्यात हाती आले. त्याआधीच्या वर्षी लासेन या विद्वानानं, ग्रीक आणि ब्राह्मी दोन्ही अक्षरं असलेल्या अगाथोक्लीस राजाच्या नाण्यावरून काही अक्षरं लावली होती. एकच ठसा असता तर ‘दानं’ दिसलंच नसतं, कारण सारखेपणा कळायला शेजारी दुसरा नमुना लागतो. आज कुड्याच्या लेण्यांत कुणी काय दान दिलं ते आपण वाचतो, त्यामागे उन्हात उभं राहून दगडावर कागद दाबणाऱ्या किती तरी हातांचं काम आहे.

याची दुसरी बाजूही आपल्याच भाषेत आहे. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहिले. छळाच्या काळात ग्रंथ नष्ट होऊ नयेत म्हणून तसे लिहिले असतील, त्यांना मी दोष देत नाही. पण किल्ली पंथाबाहेर गेली नाही आणि मराठीतलं आद्य गद्य शतकानुशतकं मराठी माणसालाच वाचता आलं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे या संशोधकांच्या काळात ही कुलपं उघडली, तेव्हा कुठे आपल्या भाषेचं वय आपल्याला कळलं.

एनिग्माची गोष्ट तर मी दर वर्षी नववीच्या वर्गात सांगते. निरोप सांकेतिक करणाऱ्या जर्मन लष्कराच्या त्या यंत्राची घडण १९३२ च्या डिसेंबरमध्ये मारियान रेयेव्स्की या पोलिश गणितज्ञानं शोधून काढली. रुझित्स्की आणि झिगाल्स्की हे त्याचे सोबती. पोलंडनं हे गुपित साडेसहा वर्षं जपलं. १९३९ च्या जुलैत, युद्धाला जेमतेम पाच आठवडे उरले असताना, वॉर्साजवळ ब्रिटिश आणि फ्रेंच अधिकाऱ्यांना बोलावून सगळं त्यांच्यापुढे ठेवलं. ते आपल्यापाशीच ठेवलं असतं तर? पोलंड पडलं, त्यांच्या यंत्रांची वाताहत झाली, आणि कामही तिथेच संपलं असतं. पुढे इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्क या गुप्त केंद्रात ते चाललं आणि तिथल्या ट्युरिंग या गणितज्ञाचं नाव जगाला माहीत झालं. तिथे शेवटी सुमारे नऊ हजार माणसं राबत होती आणि त्यांतल्या जवळजवळ तीन चतुर्थांश बायका होत्या. यंत्रं फिरवणाऱ्या, रात्रपाळीत कार्डं लावणाऱ्या. त्यांनी ट्युरिंगची कॉपी केली असं कुणी म्हणेल का?

"पण बाई," एक पालक मला म्हणाले, "अकरांतल्या तिघांनीच डोकं लावलं, बाकीचे नुसते बसलेले." हे खरं आहे. प्रत्येक जमावात असं होतं, इंटरनेटवर तर जास्तच. हजार जण बघतात, दहा जण झटतात आणि सुटल्यावर हजारही ‘आम्ही सोडवलं’ म्हणतात. याचं उत्तर मला पुस्तकात नाही, किनाऱ्यावर सापडतं. नाना तरुणपणी रापणीवर असायचे. मी लहानपणी आचऱ्याच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली आहे. होडी अर्धगोल फिरून जाळं टाकून येते, दोन टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर, आणि मग पुळणीत टाचा रुतवून चाळीस-पन्नास माणसं तासन्‌तास ओढतात. जाळं काठाला लागलं की वाटे पडतात. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, ओढणाऱ्यांचा वेगळा. शाळेतून येताना दोरीला लोंबकळलेल्या पोरालाही चार बांगडे मिळत. ते चारच, टोपलीभर नाहीत. कुणी किती ओढलं हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं असे, म्हणून भांडणं कमी. मिळून कोडी सोडवणाऱ्यांत हीच शिस्त हवी. कुणी काय सुचवलं, कुणाचं चुकलं, कुणी तपासलं, हे नावानिशी लिहिलेलं हवं. फुकट्यांचा बंदोबस्त अशा वहीनं होतो. त्यासाठी रापणच बंद करून प्रत्येकाच्या हातात गळ द्यायची गरज नाही.

एक आक्षेप मला मनापासून टोचतो, कारण तो आनंदाबद्दल आहे. कोड्याचं उत्तर स्वतःला सुचण्यात जी मजा आहे ती दुसऱ्यानं सांगितल्यावर राहत नाही. लहानपणी माझी आजी रात्री हुमाणं घालायची आणि उत्तर येत असलेल्या मोठ्या भावाच्या तोंडावर हात ठेवायची. तो हात मला आजही आठवतो. इंटरनेटवर असा हात ठेवणारं कुणी नसतं, उत्तर आधीच डोळ्यांवर येऊन आदळतं. इथे माझ्याकडे पूर्ण तोड नाही. एवढंच सांगते की मुलांनी स्वतःच नियम केला होता: नवी पायरी आली की पहिले दोन दिवस वर बसून आपापलं डोकं लावायचं, बाहेर विचारायचं नाही, मग विचारायचं तेही ‘उत्तर सांगू नका, आमचं कुठे चुकतंय तेवढं सांगा’ असं. चिलीच्या त्या खेळाडूनं तेवढंच सांगितलं. आजीचा हात त्यांनी आपला आपणच ठेवून घेतला होता.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. बैठकीत तो कुणी काढला नाही, पण काढायला हवा होता. जमाव खुणा शोधायला लागला की काय होतं? एप्रिल २०१३ मध्ये बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, तेव्हा इंटरनेटवरच्या हजारो हौशी शोधकांनी छायाचित्रं चाळून एका बेपत्ता विद्यार्थ्यावर बोट ठेवलं. त्याचा काहीही संबंध नव्हता; तो मरण पावला असल्याचं काही दिवसांनी कळलं. त्याच्या आईवडिलांनी ते दिवस कसे काढले असतील? आणि इतकं लांब कशाला? २०१८ च्या जुलैत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आली या मोबाइलवरच्या अफवेनं, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावानं ठार मारलं. तिथेही लोक आपापल्या परीनं खुणाच जुळवत होते. मग मुलांना अनोळखी माणसांबरोबर खुणा जुळवायला शिकवणं धोक्याचं नाही का?

मी यावर बरेच दिवस विचार केला आहे. फरक मला कुलपात दिसतो. गुप्तलिपी स्वतःच ‘नाही, चुकलात’ म्हणू शकते. ‘शी’ हा शब्द मुलांना कितीही आवडला असला तरी पुढचा मजकूर लागेना, आणि अकरा काय, अकरा हजार जणांनी हात वर केले असते तरी तो लागला नसता. झोडियॅक नावानं कुप्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या खुन्यानं १९६९ मध्ये वृत्तपत्रांना सांकेतिक पत्रं पाठवली. पहिलं, ४०८ चिन्हांचं, वृत्तपत्रांत छापून येताच एका शिक्षकानं आणि त्याच्या बायकोनं आठवड्याभरात घरी बसून उकललं. दुसरं ३४० चिन्हांचं. ते ५१ वर्षं टिकलं. या काळात कितीएकांनी ते सुटल्याची घोषणा केली, आणि एकही टिकली नाही, कारण त्यांना प्रत्येक ओळीला नवा अपवाद करावा लागत होता. अखेर डिसेंबर २०२० मध्ये अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि बेल्जियम इथल्या तिघा हौशी माणसांनी आपापलं कसब जोडून ते सोडवलं. तेव्हा नियम ठरला आणि त्या नियमानं मजकूर आपोआप उलगडत गेला, म्हणून कुणाला मतदान घ्यावं लागलं नाही. राईनपाड्यातल्या जमावाला नाही म्हणणारं असं काहीच नव्हतं. आपलं चुकलंय हे वहीत लिहून ठेवायची ज्यांना सवय लागली आहे, ती मुलं उद्या मोबाइलवर आलेली अफवा पुढे ढकलण्याआधी थांबतील, असा माझा अनुभव मला सांगतो. सगळी थांबतील असं मी म्हणत नाही.

आणि कुलूपच नसलेलं कोडं आमच्या पायाखाली आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांवर कातळात कोरलेली शेकडो चित्रं आहेत: हत्ती, मासे, माणसं, आणि काहीच अर्थ न लागणारे चौकोन. कशेळीचा हत्ती इतका मोठा आहे की उभ्यानं तो एका नजरेत मावत नाही. आमच्याच मालवण तालुक्यातल्या कुडोपीसह या कातळशिल्पांची काही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. ती सापडली कशी? काही हौशी अभ्यासकांनी गावोगाव पायपीट करून गुराख्यांना, शेतकऱ्यांना विचारलं, म्हणून. माहिती अनेकांकडे थोडी थोडी विखुरलेली होती. पण अर्थाच्या बाबतीत मी मुलांना अडवते. तिथे ‘दानं’ सांगणारा दुसरा लेख शेजारी नाही, चुकलात असं सांगणारं कुलूप नाही. शोधा, मोजा, नकाशावर मांडा, अर्थ आत्ता लिहू नका, एवढंच सांगते. त्यावर तीच सातवीतली मुलगी म्हणाली, "मग बाई, पानाच्या उजवीकडची बाजू कोरी ठेवूया."

पुढच्या रविवारी मंडळाची बैठक पुन्हा आहे. मी ती दोनशे पानी वही घेऊन जाणार आहे आणि नानांसमोर आधी ‘शी’ची पानं उघडणार आहे. प्रमाणपत्रावर अकराही नावं यावीत असा माझा आग्रह आहे, रोज पॉवर बँक आणि पाण्याची कळशी घेऊन सडा चढणाऱ्या पाचवीतल्या मुलाचं धरून. वहीत प्रत्येक दिवसाच्या पानावर त्याचंही नाव लिहिलेलं आहे.